छापण्याआधी खेळून बघा : गेम कंपन्या नवा माल कसा तपासतात



ट्रेनिंगला येणारे बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, पहिला माल किती काढू?" मी उलट विचारतो, "किती जणांनी वापरून बघितलाय?" उत्तर ठरलेलं असतं : "घरच्यांनी, शेजारच्यांनी. सगळ्यांना आवडला."

सगळ्यांना आवडला, हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कारण त्याच वाक्याच्या भरवशावर लोक पाकिटं छापतात, कर्ज काढतात, पाचशे नगांची ऑर्डर देऊन बसतात. व्हिडिओत मी "ट्रायल घ्या, ट्रायल घ्या" म्हणतो, पण ट्रायल म्हणजे नेमकं काय करायचं ते आज सविस्तर लिहितो. उदाहरण मात्र जरा वेगळं घेतलंय. मसाले नाहीत, कपडे नाहीत. एक खेळ.

आधी खेळ समजून घ्या

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला नसेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "मी दार तोडतो," असं तुम्ही म्हणालात, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर दार तुटलं, नाहीतर खांदा दुखला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. अमेरिकेत 1974 मध्ये तो पहिल्यांदा विकायला आला.

या खेळात पात्राचा एक 'क्लास' असतो. क्लास म्हणजे पात्राचा पेशाच म्हणा : योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. काय जमतं आणि काय जमत नाही, हे सगळं क्लासवरून ठरतं. त्यामुळे नवा क्लास काढणं म्हणजे चालू खानावळीत नवा पदार्थ आणण्यासारखं आहे. तो चांगला लागला पाहिजेच, पण त्याच्यामुळे बाकीचे पदार्थ पडून राहता कामा नयेत. योद्ध्याचंही काम करणारा आणि जादूगाराचंही काम करणारा क्लास आला, तर योद्धा कोण खेळेल?

आणि हा सगळा माल विकला जातो जाड पुस्तकात. एकदा छापलं की छापलं. चूक दुरुस्त करायची तर पुढची आवृत्ती. तुमचं पाकीट छापून आल्यावर जी अवस्था होते, तीच. म्हणून या कंपन्या छापण्याआधी नव्या क्लासचा मसुदा लोकांना फुकट देतात आणि म्हणतात : खेळा, आणि काय झालं ते सांगा. याला पब्लिक प्लेटेस्ट म्हणतात.

हातातलं काम गेलं, तेव्हा

"हे मोठ्या कंपन्यांना परवडतं," असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी पायझोची गोष्ट ऐका. ही 2002 मध्ये सुरू झालेली अमेरिकन कंपनी. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मालक विझार्ड्स ऑफ द कोस्ट. त्यांच्याकडून परवाना घेऊन पायझो 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही दोन मासिकं काढत असे. 2007 मध्ये तो परवाना संपला. हातातली दोन्ही मासिकं गेली.

पायझोने काय केलं? 2008 च्या मार्चमध्ये स्वतःच्या 'पाथफाइंडर' या खेळाचा कच्चा मसुदा पीडीएफ करून फुकट देऊन टाकला. त्यावर आलेल्या प्रतिक्रिया घेऊन ऑगस्टमध्ये सुधारलेला मसुदा. त्यावर वर्षभर लोक खेळले. मग 2009 च्या ऑगस्टमध्ये 576 पानांचं पक्कं पुस्तक. म्हणजे पुस्तक दुकानात आलं तेव्हा ते हातात घ्यायला तयार असलेले, त्याला आपलं मानणारे लोक आधीच होते. जाहिरात आणि तपासणी एकाच खर्चात झाली.

"पण आयडिया चोरली तर?" हा प्रश्न येणारच. गंमत बघा. पाथफाइंडर मुळात उभा होता विझार्ड्सने खुल्या परवान्यावर दिलेल्या जुन्या नियमांवर. ते नियम कुणीही वापरू शकत होतं. तरी चालला पायझोचाच खेळ, कारण त्याच्यामागे दर महिन्याला नव्या कथा देण्याची मेहनत होती. तुमची भाजणीची कृती शेजारच्या काकूंना कळली, म्हणून त्या उद्या पहाटे चारला उठून भाजायला बसणार नाहीत.

एकाच मारात तलवार आणि जादू

आता मुद्द्यावर येऊ. टेस्टमधून नेमकं काय मिळतं?

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पायझोने 2020 च्या सप्टेंबरमध्ये दोन क्लास टेस्टला दिले. त्यातला एक मेगस. मेगस म्हणजे तलवारही चालवणारा आणि मंत्रही टाकणारा. त्याची सगळी मजा एकाच गोष्टीत : मंत्र तलवारीत भरायचा आणि एकाच वारात दोन्ही शत्रूवर उतरवायचे.

मसुद्यात असं होतं, की आधी तलवारीचा वार लागतो का यासाठी फासा. तो लागला, तरच मंत्राची पाळी. आणि तो मंत्रही लागतो का यासाठी पुन्हा फासा. कागदावर हे बरोबर दिसतं, दोन कामं आहेत तर दोन फासे. आता हिशेब करा. समजा वार लागण्याची शक्यता 60 टक्के आणि मंत्र लागण्याची पण 60. दोन्ही लागण्याची किती? 36 टक्के. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी हा क्लास निवडला, ती गोष्ट तीनातून दोन वेळा फसणार!

खेळणाऱ्यांनी नेमकं हेच सांगितलं : मंत्र वाया जातो. 2021 मध्ये पुस्तक आलं तेव्हा नियम बदललेला होता. एकच फासा. तो लागला की तलवार पण लागली आणि मंत्र पण.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, हे दुखणं वाचून कळत नाही, वापरूनच कळतं. मसुदा वाचणारा म्हणाला असता, "वा, काय कल्पना आहे!" आणि दुसऱ्यांदा मंत्र फुकट गेला की तोच वैतागला असता. दोन, लोकांनी दुखणं सांगितलं म्हणून कंपनीने कल्पना फेकली नाही. एकाच वारात तलवार आणि जादू, हे वचन तसंच ठेवलं, ते पुरं करायची रीत बदलली. ग्राहक दुखतं कुठे ते बरोबर सांगतो. औषध मात्र तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. ग्राहक म्हणाला "महाग आहे", तर लगेच भाव पाडू नका. कदाचित पाकीट मोठं आहे, संपायच्या आत माल मऊ पडतोय, म्हणून पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. तिथे औषध अर्ध्या किलोचं पाव किलो करणं हे आहे.

तीन निकाल, तिघांचीही तयारी

ट्रायल घेणारे बरेच जण मनात एकच निकाल धरून बसतात : पास. मग बाकी काही ऐकूच येत नाही. विझार्ड्स ऑफ द कोस्टचे दोन क्लास शेजारी ठेवून बघा.

पहिला आर्टिफिसर, म्हणजे जादूची यंत्रं बनवणारा कारागीर. 2015 मध्ये त्यांनी तो वेगळा क्लास न करता जादूगाराचाच एक प्रकार म्हणून टेस्टला दिला. ते काही जमलं नाही. कारागिराला जादूगाराचे कपडे घातल्यासारखं झालं. 2017 मध्ये तो स्वतंत्र क्लास म्हणून परत आला. पुन्हा बदल. 2019 च्या फेब्रुवारीत नवा मसुदा, मे महिन्यात आणखी एक. मेच्या मसुद्यात त्याचे चार उपप्रकार होते, नोव्हेंबरच्या पुस्तकात तीनच आले. चौथा गाळला. सुरुवातीपासून पुस्तकापर्यंत साडेचार वर्षांहून जास्त!

दुसरा मिस्टिक, म्हणजे मनाच्या शक्तीने काम करणारा. हाही 2015 मध्येच टेस्टला आला, आधी फक्त पहिल्या पाच लेव्हलपुरता. 2016 मध्ये दहा लेव्हल, 2017 मध्ये पूर्ण वीस. दर वेळी वाढतच गेला. आणि त्यातच फसला. तो इतकं काही करू शकत होता, की बाकीच्यांच्या ताटातलं उचलत होता. शिवाय गुंतागुंतीचा. शेवटी कंपनीने तो क्लास बंद करून टाकला. एवढं काम, पुस्तकात एक पान नाही.

पण मेहनत पाण्यात गेली का? नाही. मनाची शक्ती लोकांना हवी होती, वेगळा क्लास नको होता. मग तीच कल्पना लहान करून योद्धा, चोर आणि सॉर्सरर या जुन्या क्लासचे उपप्रकार म्हणून टेस्ट झाली आणि 2020 च्या नोव्हेंबरमधल्या पुस्तकात आली. जादूगारासाठीही असा एक उपप्रकार केला होता, तो वाटेतच वगळला.

म्हणजे निकाल तीन : काढा, बदलून परत तपासा, किंवा थांबा. तिसरा निकाल मान्य करायची तयारी नसेल, तर ट्रायल घेऊच नका. उगाच लोकांचा वेळ कशाला घ्यायचा? आणि थांबल्यावरसुद्धा काय हाती उरतं ते बघा. लोकांना तुमचं लोणचं चाललं नाही, पण त्यातला मसाला विचारून विचारून नेला, तर तुमचा माल लोणचं नाहीच, मसाला आहे.

रेषा आधी ओढा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 2022 च्या ऑगस्टपासून विझार्ड्सने डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम सुधारायला पुन्हा एकदा मोठी टेस्ट घेतली. ते पुस्तक 2024 च्या सप्टेंबरमध्ये आलं. त्यांचे मुख्य डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड यांनी व्हिडिओंमधून उघड सांगितलं होतं, की सर्व्हेत साधारण 70 टक्के समाधान दिसलं तर आपण योग्य वाटेवर आहोत असं ते मानतात. त्याखाली गेलं की दुरुस्ती किंवा विचार सोडून देणं.

आकडा 70 च का, यात अडकू नका. रेषा निकालाच्या आधी ओढलेली होती, हे महत्त्वाचं. नाहीतर काय होतं, माहितीय? तीस जणांना माल दिला, बारा जणांनी परत मागितला, आणि आपण म्हणतो, "बारा म्हणजे काही कमी नाही हो!" आपल्याच मालावर आपलं प्रेम असतं. निकाल आल्यावर रेषा ओढली, तर ती आपल्या पायाखालीच ओढली जाते.

अजून एक बारीक गोष्ट. पहिला मसुदा 18 ऑगस्टला आला आणि त्याचा सर्व्हे उघडला 1 सप्टेंबरला. मध्ये दोन आठवडे. का? लोकांनी आधी खेळावं, मग बोलावं. मी बीबीए करताना मार्केट रिसर्चच्या पेपरात प्रश्न कसे लिहायचे ते शिकलो. प्रश्न केव्हा विचारायचे, हे दुकानात बसल्यावर शिकलो. पहिला घास तोंडात असताना "कसं झालंय?" विचारलं, तर कोण वाईट म्हणेल? पंधरा दिवसांनी विचारा, "डब्यात किती उरलंय?" तेव्हा खरं कळतं.

जुनं गिऱ्हाईक कशासाठी येतं?

याच टेस्टमधलं वॉरलॉकचं प्रकरण जरूर लक्षात ठेवा. वॉरलॉक हा जुना, लोकांचा लाडका क्लास. त्याला मंत्र मोजकेच, पण थोडा वेळ विश्रांती घेतली की परत मिळतात. बाकीच्या जादूवाल्यांपेक्षा वेगळी, जरा तिरपागडी पद्धत. 2023 च्या एप्रिलमधल्या मसुद्यात कंपनीने ती सरळ केली, बाकीच्यांसारखी. खेळणारे नाराज. त्यांना वॉरलॉक आवडत होता तो त्या तिरपागडेपणामुळेच. सप्टेंबरच्या मसुद्यात जुनी पद्धत परत आली.

हे नव्या धंद्यालाही लागू आहे. तुम्ही वडिलांचं दुकान हातात घेतलंय आणि 'मॉडर्न' करायला निघालाय. वजनकाटा बदला, बिल कॉम्प्युटरवर करा, हरकत नाही. पण गिऱ्हाईक ज्या एका गोष्टीसाठी चार दुकानं ओलांडून तुमच्याकडे येतं, उदाहरणार्थ सुटं पन्नास ग्रॅमसुद्धा न कुरकुरता बांधून देणं, तिला हात लावण्याआधी एक महिना ट्रायल घ्या. कंपनीचं नुकसान एका पीडीएफवर भागलं. पुस्तक छापल्यावर हे कळलं असतं तर?

मोडेपर्यंत ताणा

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती आणताना पायझोने 2018 च्या ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत टेस्ट घेतली. नियमांबरोबर 'डूम्सडे डॉन' नावाची सात भागांची कथा दिली. प्रत्येक भाग नियमांची वेगळी बाजू तपासणारा. त्यातला एक भाग, 'हीरोज ऑफ अंडारिन', जिंकण्यासाठी नव्हताच! राक्षसांच्या लाटांवर लाटा येतात, आणि बघायचं एवढंच की गट किती वेळ तग धरतो.

तुमच्या मालाचं अंडारिन कुठलं? पाकीट जुलैमध्ये गॅसशेजारी उघडं ठेवून बघा. कुरिअरने लांबच्या गावी पाठवून परत मागवा. डब्याचं झाकण पन्नास वेळा उघडा-लावा. तुमच्याकडे मोडलं, तर नुकसान एका नगाचं. गिऱ्हाइकाकडे मोडलं, तर नावाचं.

याच टेस्टमध्ये जादूच्या वस्तू वापरण्यावर एक नवी मर्यादा होती, तिला रेझोनन्स म्हणत. वस्तू हातात आहे, पण आजचे पॉइंट संपले म्हणून वापरता येत नाही. लोकांना ते अजिबात रुचलं नाही, आणि 2019 च्या पुस्तकात तो नियम दिसला नाही. मोडण्यासाठी ताणलं म्हणूनच मोडलेलं वेळेत दिसलं.

आता तुमची पाळी

समजा तुम्ही थालीपीठाच्या भाजणीची पाकिटं काढताय. असं करा :

1. तीस पाकिटं. पाचशे नाही. त्यावर छापील लेबल नको, 'ट्रायल' असा साधा स्टिकर. गेम कंपन्याही मसुद्यावर स्पष्ट लिहितात, की हे अजून अधिकृत नाही. कच्चं आहे हे कळलं की लोक मोकळं बोलतात. मात्र ट्रायल असली तरी खाण्याची वस्तू आहे, एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या.

2. तीसमधले जास्तीत जास्त दहा ओळखीचे. वीस अनोळखी, आणि शक्यतो पैसे देऊन घेणारे. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

3. पाकीट देण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. 'वीस किंवा जास्त घरांनी परत मागितलं तर काढणार. बारा ते एकोणीस आले तर बदल करून परत तीस. बाराच्या खाली, तर थांबणार.' खाली तारीख घाला, सही करा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवा.

4. पंधरा दिवस एक शब्द विचारू नका. मग तीनच प्रश्न : किती वेळा केलं? किती उरलंय? करताना कुठे अडलं? 'आवडलं का' हा प्रश्न नाही.

5. शेवटी एक मोकळा प्रश्न : "अजून काही?" पायझोही ठरलेल्या प्रश्नांचा एक सर्व्हे आणि मोकळं लिहायला दुसरा, असे दोन ठेवते. आकड्यांमधून किती ते कळतं, मोकळ्या बोलण्यातून का ते कळतं.

6. बदल एका वेळी एकच. तिखट कमी केलं, दळण बारीक केलं आणि पाकीटही बदललं, तर कशाने फरक पडला ते देवच जाणे.

एक सावधगिरी. 2012 पासून चाललेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या टेस्टमध्ये 1,75,000 हून जास्त लोक सामील झाले होते. तुमच्याकडे तीसच असणार, आणि ते पुरतात, पण एक भान ठेवा. टेस्टला येणारा माणूस हा मुळात हौशी असतो. ज्याला भाजणी आवडतच नाही तो तुमच्या तीसमध्ये नसतो. म्हणून तीसमधून 'काय चुकतंय' हे शिका. 'बाजारात किती खपेल' हे त्यावरून ठरवू नका. ते दुकानात शंभर पाकिटं ठेवल्यावरच कळेल.

गेमच्या पुस्तकात टेस्ट घेणाऱ्यांचे आभार मानायची पद्धत आहे. तुम्हीही ट्रायलवाल्या तीस घरांना पहिल्या पक्क्या मालातलं एक पाकीट नेऊन द्या, आणि सांगा, "काकू, दळण जाड आहे म्हणाला होतात, आता बघा." त्या काकू तुमच्या मालाबद्दल जितक्या लोकांना सांगतील, तितक्यांपर्यंत कुठलाही बोर्ड पोचणार नाही.

या आठवड्याचा होमवर्क एवढाच : वर तिसऱ्या मुद्द्यातल्या तीन ओळी तुमच्या मालासाठी लिहा. छापखान्यात जाणार असाल तर त्या वहीसकट जा. वहीत ओळी नसतील, तर अजून छापायची वेळ आलेली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!